संपादकाचार्य बाबूराव विष्णु पराडकर

काशीच्या गंगाकाठावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, तर पायऱ्यापायऱ्यांवर महाराष्ट्राची नावे भेटतात. अहिल्याबाई होळकरांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधविलेला शिंदे घाट, आणि आज लोक ज्याला राजा घाट म्हणतात तो अमृतराव घाट. हे अमृतराव म्हणजे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले, दुसरे बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि पुण्याचा कारभार काही महिने अमृतरावांच्या हाती आला. पुढल्याच वर्षी इंग्रजांच्या फौजा बाजीरावांना घेऊन परतल्या. अमृतरावांनी सालीना सात लाख रुपयांचे वेतन पत्करून पुण्याचा निरोप घेतला आणि उरलेले आयुष्य उत्तरेत काढले. १८२४ मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला. गेलेल्या राज्याची खूण म्हणून त्यांच्यामागे उरला तो दगडी घाट, आणि अन्नछत्र चालविणारे दानशूर पेशवे ही कीर्ती.

या घाटांच्या छायेत पिढ्यान्‌पिढ्या एक मराठी काशी नांदत आली. संत एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये इथेच पूर्ण केले. शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच नगरीतले. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, पंचगंगा या परिसरात वेदाध्ययनासाठी आलेली दाक्षिणात्य घराणी स्थिरावली आणि त्यांच्या माजघरांत मराठी बोलली जात राहिली. धनिकांनी घाट बांधले, विद्वानांनी पाठशाळा चालविल्या. पण घाट बांधण्याइतके धन आणि पाठशाळा चालविण्याइतकी स्वस्थता, यांपैकी काहीच ज्याच्या वाट्याला आले नाही, अशा एका मराठी मुलाने त्याच काशीत एक वेगळे बांधकाम केले. ते शब्दांचे होते, आणि तेही परक्या म्हणविल्या जाणाऱ्या भाषेत. उत्तर भारतात आजही ज्यांना आदराने संपादकाचार्य म्हटले जाते, ते बाबूराव विष्णु पराडकर हेच ते गृहस्थ. हिंदी वृत्तपत्रसृष्टीत त्यांचे नाव घेतल्याशिवाय कोणताही इतिहास पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात मात्र ते नाव क्वचितच ऐकू येते. आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या विस्मृत आप्ताची ओळख करून घेणे उचित ठरेल.

बाबूरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीत झाला. पराडकर हे आडनाव मालवण तालुक्यातील पराड या गावाकडे बोट दाखविते. मराठीतील पहिले वृत्तपत्र, म्हणजे १८३२ चे ‘दर्पण’, काढणारे बाळशास्त्री जांभेकर हेही त्याच मुलखातले. त्यांचे पोंभुर्ले आणि पराड ही दोन्ही गावे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतात. बाबूरावांचे वडील विष्णुशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. अध्यापनाच्या निमित्ताने त्यांना बिहारात राहावे लागले, आणि त्यामुळे मुलाचे इंग्रजी शिक्षण भागलपूरला झाले. घरात मराठी, पाठांतरात संस्कृत, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, शेजारीपाजारी बंगाली, अशा पाच भाषांच्या वातावरणात हा मुलगा वाढला. त्या सर्व भाषा त्याला पुढे कामी आल्या. तारुण्यातच पितृछत्र हरपले, कुटुंबाचा भार अंगावर आला आणि महाविद्यालयाचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना उपजीविकेचा शोध घ्यावा लागला.

हा शोध त्यांना १९०६ मध्ये कलकत्त्यास घेऊन गेला. ‘हिंदी बंगवासी’ या साप्ताहिकात सहायक म्हणून ते रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली होती. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या, विद्यार्थी सरकारी शाळा सोडीत होते, आणि कलकत्त्याच्या गल्लीबोळांतून गुप्त मंडळ्यांची जुळवाजुळव चालू होती. या वणव्याच्या अगदी जवळ बाबूरावांचे एक आप्त उभे होते. ते म्हणजे त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर.

देउस्करांची कहाणीही मराठी माणसाने विसरू नये अशीच आहे. १८६९ मध्ये देवघरजवळच्या एका मराठी घरात जन्मलेले देउस्कर बंगालीचे थोर लेखक झाले. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथाने बंगाली तरुणांची झोप उडविली. इंग्रजी अमलात हिंदुस्थानचे धन कसे वाहून नेले गेले, विणकर आणि कारागीर कसे देशोधडीला लागले, शेतकरी कर्जात कसा बुडाला, याचा हिशेबच त्यांनी या ग्रंथात मांडला होता. त्यात आवेशापेक्षा आकडे अधिक होते, आणि म्हणूनच सरकारला तो अधिक झोंबला. १९१० मध्ये या पुस्तकावर बंदी आली. बाबूरावांनी याच ग्रंथाचा ‘देश की बात’ या नावाने हिंदी अनुवाद केला. मामांकडून भाच्याने उचललेला धडा एकच होता: राज्यकर्त्यांना शिव्याशाप देण्यापेक्षा त्यांच्या कारभाराचा ताळेबंद लोकांपुढे ठेवावा. अग्रलेख लिहिताना बाबूरावांनी हा धडा अखेरपर्यंत पाळला.

‘हिंदी बंगवासी’चे सनातनी आणि राष्ट्रीय चळवळीला प्रतिकूल असलेले धोरण या तरुणाला मानवण्यासारखे नव्हते. थोड्याच काळात त्यांनी ती नोकरी सोडली आणि ‘हितवार्ता’ या साप्ताहिकाचे संपादन हाती घेतले. त्याच सुमारास राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या बंगाल नॅशनल कॉलेजात ते हिंदी आणि मराठी शिकवू लागले. या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते. गंगेच्या काठी जन्मलेला आणि बिहारात शिकलेला एक तरुण कलकत्त्यात बंगाली मुलांना मराठी शिकवितो, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ज्या भाषेचे शालेय शिक्षण त्याला कधी लाभले नव्हते, ती त्याने केवळ घरच्या बोलण्यातून आणि वाचनातून इतकी पक्की करून घेतली होती की ती इतरांना शिकविण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला.

‘हितवार्ता’नंतर बाबूराव ‘भारतमित्र’ या जुन्या आणि प्रतिष्ठित पत्रात आले. अंबिकाप्रसाद वाजपेयी तेथे संपादक होते. या दोघांच्या काळात ‘भारतमित्र’ दैनिक झाले. दैनिक चालविणे ही त्या वेळी हिंदीत नवी गोष्ट होती. तारेने येणाऱ्या बातम्या इंग्रजीत असत. त्या रात्री उशिरा हाती पडत, त्यांचा हिंदी तर्जुमा तातडीने करावा लागे, खिळे जुळविणाऱ्यांच्या हाती मजकूर वेळेवर द्यावा लागे, आणि पहाटेपूर्वी अंक यंत्रावर चढावा लागे. या धबडग्यात भाषा बिघडण्याचीच शक्यता अधिक. इंग्रजी वाक्याची मोडतोड करून बनविलेली, वाचकाला दोनदा वाचावी लागणारी भाषा त्या काळच्या अनेक पत्रांत आढळे. घाईतही वाक्य सरळ, सुबोध आणि आपल्या भाषेच्या वळणाचे हवे, हा बाबूरावांचा कटाक्ष याच काळात पक्का झाला.

दिवसा वृत्तपत्र चालत होते. त्याच्या आडोशाने दुसरे कामही चालले होते. बंगालच्या क्रांतिकारकांशी बाबूरावांचा निकटचा संबंध आला होता. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा केला आणि संशयितांना चौकशीवाचून स्थानबद्ध करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. १९१६ मध्ये बाबूरावांना पकडण्यात आले. पुढची सुमारे साडेतीन वर्षे त्यांनी बंदिवासात आणि नजरकैदेत घालविली. शिक्षेची मुदत ठरलेल्या कैद्याला निदान दिवस मोजता येतात. स्थानबद्धाला सुटकेची तारीखच नसते. ज्याच्या मिळकतीवर घर चालते, अशा तिशीतल्या माणसाच्या आयुष्यातली ही वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. १९२० मध्ये ते सुटले आणि जन्मगावी, काशीला परतले.

काशीत त्या वेळी बाबू शिवप्रसाद गुप्त हे एक विलक्षण धनिक राहत होते. त्यांनी जगाचा प्रवास केला होता, आणि लंडनच्या ‘टाइम्स’सारखे वजनदार दैनिक हिंदीत का असू नये, या विचाराने त्यांना घेरले होते. पुढे काशी विद्यापीठ आणि भारतमाता मंदिर उभारणारे हेच गृहस्थ. त्यांनी ज्ञानमंडळ ही प्रकाशनसंस्था काढली आणि दैनिकाची सिद्धता आरंभिली. नव्या पत्राचे धोरण काय असावे, याविषयी लोकमान्य टिळकांचा सल्ला घ्यावा असे ठरले. त्यासाठी निवड झाली ती बाबूरावांची. लोकमान्यांशी त्यांच्या मातृभाषेत मोकळेपणाने बोलू शकेल आणि तो विचार हिंदीत उतरवू शकेल, असा दुसरा माणूस काशीत मिळणे अवघडच होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ५ सप्टेंबर १९२० रोजी, जन्माष्टमीच्या मुहूर्तावर ‘आज’चा पहिला अंक निघाला. चार दशके मराठी मनाला वळण लावणाऱ्या ‘केसरी’चा काही अंश त्या अंकासोबत गंगाकाठी पोहोचला, असे म्हटले तर ते अनाठायी होणार नाही.

आरंभी ‘आज’चे संपादक श्रीप्रकाश होते. स्वातंत्र्यानंतर हेच श्रीप्रकाश महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून आपल्याकडे आले. बाबूराव त्यांचे सहकारी होते, आणि १९२४ पासून संपादकपदाची संपूर्ण धुरा त्यांच्यावर आली. तेव्हापासून ‘आज’ आणि पराडकर ही दोन नावे लोकांच्या तोंडी एकजीव झाली. अग्रलेखाखाली नाव छापण्याची रीत नव्हती. तरीही अग्रलेख पराडकरांचा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे वाचकाला चार ओळींत ओळखू येई. वाक्ये आटोपशीर, पुरावे नेमके, विरोधकाविषयी अपशब्द नाही आणि निष्कर्षाच्या बाबतीत संदिग्धता नाही, ही त्यांच्या लेखणीची ओळख होती. काँग्रेसच्या लढ्याला त्यांनी मनापासून साथ दिली. तथापि वृत्तपत्र म्हणजे पक्षाचे पत्रक नव्हे, हेही भान त्यांनी राखले.

या पत्राने हिंदीला केवळ राजकीय विचार दिले असे नाही, शब्दही दिले. राज्यकारभार, अर्थव्यवहार, विज्ञान, परराष्ट्रसंबंध यांविषयी रोज लिहायचे, तर इंग्रजी संज्ञांना पर्याय हवेत. कोशकार वर्षानुवर्षे विचार करू शकतो. संपादकाला शब्द त्याच रात्री लागतो. तो संस्कृतच्या नियमांत बसणारा हवा, उच्चाराला सोपा हवा, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातल्या दुकानदारालाही समजावा असा हवा. संस्कृतचे घरचे संस्कार, आणि मराठी व बंगाली वृत्तपत्रांनी आधीच केलेल्या प्रयोगांची माहिती, या दोहोंचा बाबूरावांना येथे उपयोग झाला. ‘मिस्टर’च्या जागी ‘श्री’ आणि अनेक नावांआधी ‘सर्वश्री’ लिहिण्याची पद्धत, ‘राष्ट्रपती’ ही संज्ञा, चलनवाढीसाठी हिंदीत वापरला जाणारा ‘मुद्रास्फीती’ हा शब्द, असे कितीतरी शब्द रूढ करण्याचे श्रेय हिंदी जगत त्यांना देते. देशाच्या सर्वोच्च पदाचे नाव आज आपण मराठीतही सहज उच्चारतो, तेव्हा त्यामागे काशीच्या एका मराठी संपादकाची जागलेली रात्र आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

या कार्यात ते एकटे नव्हते. काशीतून १८४५ मध्ये निघालेल्या ‘बनारस अखबार’ या पत्राचे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते हे मराठी होते. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला, आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. लक्ष्मण नारायण गर्दे हेही काशीचेच. त्यांनीही हिंदी पत्रकारितेत नाव मिळविले. बाबूरावांच्या नंतर ‘आज’ची परंपरा चालविणारे रामकृष्ण रघुनाथ खाडिलकर हेही मराठीच. या सर्वांनी हिंदीची सेवा केली. त्यासाठी त्यांना मराठी टाकावी लागली नाही. उलट मराठीत जे आधी घडून गेले होते, त्याची शिदोरी घेऊनच ते हिंदीच्या अंगणात उतरले.

१९२५ मध्ये वृंदावनात हिंदी संपादकांचे संमेलन भरले. अध्यक्षस्थान बाबूरावांना देण्यात आले. या प्रसंगीचे त्यांचे भाषण हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात अढळपदी जाऊन बसले आहे. त्या वेळची वृत्तपत्रे गरीब होती. कागद हलका, छपाई पुसट, खप थोडका, आणि संपादकाला पगार मिळेल की तुरुंग, याची शाश्वती नाही. अशा काळात त्यांनी भविष्याचे जे चित्र रेखाटले, ते ऐकून श्रोते चकित झाले असतील. पुढे पत्रे देखणी होतील, त्यांची पाने वाढतील, चित्रांची रेलचेल होईल, खप लाखांवर जाईल, हे त्यांनी सांगितले. पण त्याच दमात त्यांनी इशाराही दिला. एवढा पसारा चालवायला मोठे भांडवल लागेल, भांडवल घालणारा मालक धोरण ठरवील, संपादक वेतनदार सेवक होईल, आणि शरीर धष्टपुष्ट होत असताना पत्राचा आत्मा मात्र क्षीण होत जाईल. गरिबीतही आज जे स्वातंत्र्य संपादक उपभोगतो आहे, ते त्या वैभवाच्या दिवसांत त्याला मिळणार नाही, असा त्या भाषणाचा मथितार्थ होता. या भाषणाला आता शंभर वर्षे होत आली. त्यातले किती खरे ठरले, हे वाचकांनी आपल्या सकाळच्या अनुभवावरून ठरवावे.

आपण बोलतो ते आचरणात आणण्याची कसोटी पाचच वर्षांनी आली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला आणि सरकारने एप्रिलमध्ये वृत्तपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला. छापखान्यांकडून आणि पत्रांकडून मोठमोठ्या रकमांचे जामीन मागायचे, आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला की ते जप्त करायचे, अशी ती योजना होती. मोकळेपणाने लिहिता येत नसेल, तर मिंधेपणाने काही तरी खरडून वाचकाची फसवणूक करू नये, ही बाबूरावांची भूमिका होती. त्या वर्षी ‘आज’मध्ये अग्रलेखाची जागा कोरी ठेवली गेली. लिहिण्याजोगे विषय समोर ढीगभर पडले आहेत आणि त्यांवर लिहिण्यास मनाई आहे, एवढे त्या कोऱ्या जागेने न बोलता सांगितले. पोटापाण्यासाठी लेखणी चालविणाऱ्याने ती हेतुपुरस्सर थांबविणे, हा त्यागच होता.

‘आज’चे प्रकाशन थांबले, तरी काशी मुकी झाली नाही. ‘रणभेरी’ नावाचे एक गुप्त पत्र गावात फिरू लागले. सायक्लोस्टाइलवर काढलेले, कधी या घरातून तर कधी त्या घरातून निघणारे हे पत्र पोलिसांच्या हाती लागत नव्हते. काशीच्या अरुंद गल्ल्या, एकमेकांत उघडणारी घरे आणि ओळखीचा प्रत्येक माणूस या पत्राच्या कामी आला. त्याच्यामागे उभ्या असलेल्यांत बाबूराव प्रमुख होते. कलकत्त्याच्या दिवसांत गुप्तपणे काम करण्याचे जे शिक्षण त्यांना मिळाले होते, ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा उपयोगी पडले. फरक इतकाच, की या वेळी शस्त्राची जागा शाईने घेतली होती. पुढे वातावरण निवळल्यावर ‘आज’ पुन्हा सुरू झाला आणि संपादक आपल्या खुर्चीवर परतले.

१९३८ मध्ये सिमल्यास भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाबूरावांना मिळाले. हिंदी भाषकांनी आपल्या साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर एका मराठी माणसाला बसविले, ही गोष्ट त्या संमेलनाच्या उदारपणाइतकीच या माणसाच्या साधनेचीही द्योतक आहे. विशेष असे की त्यांच्या नावावर ग्रंथांची मोठी रांग नव्हती. कवी, कादंबरीकार, समीक्षक यांना मिळणारा मान रोज लिहिणाऱ्या आणि रोज विसरल्या जाणाऱ्या पत्रकाराला मिळाला, आणि वृत्तपत्रातले लेखनही साहित्य असू शकते, यावर समाजाने शिक्कामोर्तब केले.

१९४२ च्या आंदोलनाच्या धामधुमीनंतर त्यांच्या आयुष्यात आणखी एक वळण आले. ज्या पत्राला त्यांनी घडविले, त्यापासून ते दूर झाले आणि १९४३ पासून ‘संसार’ या दैनिकाचे संपादन करू लागले. साठीच्या उंबरठ्यावर नवे पत्र, नवे सहकारी आणि नवा वाचकवर्ग जुळविणे सोपे नव्हते. ती चार वर्षे त्यांनी त्याच निष्ठेने पार पाडली. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी बाबूराव ‘आज’मध्ये परतले. ज्या स्वराज्यासाठी त्यांनी लेखणी हाती घेतली होती, त्या स्वराज्यातही संपादकाचे काम संपत नाही, उलट आता आपल्याच माणसांच्या कारभारावर लक्ष ठेवायचे असते, हे त्यांना उमगले होते. १२ जानेवारी १९५५ रोजी काशीतच त्यांचे निधन झाले. वयाच्या बाविसाव्या वर्षी सुरू झालेला लेखनप्रपंच एकाहत्तराव्या वर्षापर्यंत चालला. त्यात खंड पडला तो बंदिवासाचा.

काशीच्या मैदागिन भागात पराडकर स्मृती भवन उभे आहे. तेथील पत्रकारांचा वावर आजही त्याच वास्तूत असतो. परंतु बाबूरावांचे खरे स्मारक इमारतीत नाही. जवळजवळ अर्धे शतक त्यांनी रोज लिहिले. त्यातले बहुतेक लेखन निनावी आहे, आणि पिवळ्या पडलेल्या, हात लावताच तुटणाऱ्या कागदांवर आहे. रोजच्या वर्तमानपत्राचे भाग्यच असे, की सकाळी ज्याची वाट पाहिली जाते, त्याची संध्याकाळी पुडी होते. ज्याला आपले नाव टिकवायचे असते, तो या वाटेला जात नाही. बाबूरावांनी ती वाट जाणून निवडली. त्यांचे नाव त्यांच्या अग्रलेखांवर नव्हते. त्यांनी घडविलेले शब्द मात्र कोट्यवधी लोकांच्या तोंडी राहिले, आणि ते शब्द उच्चारताना त्यांचा कर्ता कुणालाच आठवत नाही. भाषेची सेवा करणाऱ्याला याहून मोठे यश कोणते मिळावे?

मराठी माध्यमाच्या शाळेशी नाते असलेल्या आपल्यासारख्यांना या चरित्रातून एक गोष्ट विशेष जाणवते. मुलाला मराठीतून शिकविले तर तो मोठ्या जगात मागे पडेल काय, अशी शंका पालकांच्या मनात येते, आणि ती अकारण नसते. बाबूरावांना मराठी शाळा मिळाली नाही. तरीही त्यांच्या घराने ती भाषा जपली, आणि ते पाच भाषांत वावरले. मातृभाषेत पाय रोवलेला माणूस परक्या भाषेत केवळ पोट भरत नाही, तर तिथे नवे काही देऊनही येतो, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखविले. जे त्यांना घराच्या चार भिंतींत, आईवडिलांच्या तोंडून मिळवावे लागले, ते आपल्या मुलांना वर्गात, फळ्यासमोर, सवंगड्यांच्या संगतीत मिळते आहे. अमृतरावांनी बांधलेल्या घाटावर आजही माणसे उतरतात, आणि तो कुणी बांधला हे न विचारता गंगेपर्यंत पोहोचतात. शाळेचेही काम तेच असते. पायऱ्या मजबूत असल्या, म्हणजे उतरणाऱ्याने पुढे कोणत्या प्रवाहात शिरावे, ही चिंता त्याच्यावर निर्धास्तपणे सोपविता येते.